विणकरणींची किटली

मी किटली बोलतेय. दोन कानांची, चाळीस कप चहा पोटात मावणारी. आधीच सांगते, मला गोड बोलता येत नाही. जिचं आयुष्य उकळत्या पाण्यात गेलं तिच्याकडून तशी अपेक्षाही करू नका.

माझा जन्म बर्मिंगहॅमचा. त्याचं कौतुक कुणी केलं नाही, कारण त्या दिवशी आमच्यासारख्या दोनशे जणी पत्रा ठोकून तयार झाल्या. तिथून मी लँकशरमधल्या ब्रॅकनशॉ गावात, कापडगिरणीच्या खानावळीत आले. विणकाम खात्यात तीनशे माग एकदम चालायचे. त्या खडखडाटात तोंडाने ओरडून काही उपयोग नसे, म्हणून तिथल्या बायका नुसते ओठ हलवून बोलायच्या. आवाज नाही, श्वास नाही. चार माग पलीकडच्या मैत्रिणीला सासूचं सगळं गाऱ्हाणं सांगून व्हायचं आणि मधल्या माणसाला वाटायचं, बाई काहीतरी चघळतेय. जेवणाच्या सुट्टीतही त्या तशाच बोलत. रोज समोर बसून बसून मलाही ते ओठ वाचता येऊ लागले.

मग गिरणी बंद पडली. शेवटच्या दिवशी मालकाने प्रत्येकीशी हात मिळवला आणि एकेक टॉवेल दिला. पंचवीस पंचवीस वर्षं मागावर उभं राहून पायांच्या शिरा सुजलेल्या बायका, त्यांना टॉवेल. आयव्ही एंटविसलने तो माझ्या पोटात कोंबला, मला कोटाखाली घेतलं आणि ती फाटकाकडे निघाली.

"आयव्ही, ते काय आहे?" पहारेकऱ्याने विचारलं.

"टॉवेल," ती म्हणाली.

अशी मी गावच्या क्रिकेट क्लबात आले. आमच्याकडे शनिवारी सामना असतो आणि दोन डावांच्या मध्ये चहा. नुसता चहा नव्हे. हॅमचे सँडविच, अंड्याचे सँडविच, आल्याचा केक, वर पुन्हा केक. खेळाडू पुरुष, पंच पुरुष, कमिटी पुरुष. चहा बायकांचा. पॅव्हेलियनच्या मागे एक खोली होती, भिंतीत एक खिडकी, खिडकीतून ताटं बाहेर जायची. गिरणीतल्या नऊ जणी ती खोली चालवायच्या. त्यांना क्लबात मत नव्हतं, हात मात्र अठरा होते.

त्या नऊ जणींत विनी कर्शॉ होती. बारा वर्षं मागावर, पण संध्याकाळच्या वर्गाला जाऊन नीट लिहायला शिकलेली. इंग्रज माणसाला कोणतीही वस्तू कुणाची आहे ते लिहिल्याशिवाय झोप येत नाही, आणि विनीला तर मुळीच नाही. लाल नेलपॉलिशची बाटली तिच्या पिशवीत कायम. नखांना कधी लावलेलं मी पाहिलं नाही.

माझ्यावर पहिल्यांदा आयव्हीने स्वतःच त्या लाल रंगात इंग्रजीत लिहिलं: WEAVER'S, म्हणजे विणकरणीची. विनीने चष्मा लावून वाचलं.

"टिकली चुकीच्या जागी मारलीस. एसच्या आधी आली म्हणजे ही एकाच विणकरणीची झाली. कोण ती एकटी?"

"असेल कोणीतरी दणकट."

"आयव्ही, एकटीला ही उचलता तरी येते का भरल्यावर?"

आयव्हीने मला उचलून पाहिलं, ठेवलं, आणि स्पिरिटचा बोळा आणला. विनीने पुन्हा लिहिलं: WEAVERS', टिकली एसच्या नंतर, ठसठशीत. आता मी सगळ्यांची झाले.

मग विनीला चेवच आला. भिंतीवर पुठ्ठे लागले. नुसता शब्द लिहायची नाही, पूर्ण वाक्य लिहायची. नुसता शब्द लोक वाचून विसरतात, वाक्य लिहिलं की कुणीतरी दम दिल्यासारखं वाटतं, असं तिचं म्हणणं. 'पंचांची बिस्किटं निळ्या डब्यात आहेत.' 'पाहुण्यांचे कप वरच्या फळीवर आहेत.' 'खेळाडूंचे कप खेळाडूंनीच विसळावेत.' 'विणकरणींच्या सुऱ्यांनी दोऱ्या कापू नयेत.' प्रत्येक कपाच्या बुडाला, टेबलाच्या पायाला, चादरीच्या कोपऱ्याला लाल अक्षरं. पुरुष हसायचे. हसत हसत खायचे.

क्लबचा सेक्रेटरी होता क्लिफर्ड डक्वर्थ. गिरणीच्या कचेरीत कारकून होता, मागाजवळ कधी फिरकला नाही. एका गुरुवारी त्याने आम्हा सगळ्यांना बोलावलं. सगळ्यांना म्हणजे नऊ बायकांना. मी मध्ये टेबलावर होतेच.

"कमिटीने ठरवलंय," तो म्हणाला, "ही खोली पाडून बार करायचा. चहाफराळ तुम्ही आपापल्या घरून आणत जा. आतलं सामान क्लबचं आहे, ते भंगारात जाईल."

"कुणाचं सामान?" आयव्हीने विचारलं.

"क्लबचं. क्लबच्या छपराखाली जे आहे ते क्लबचं."

"गेल्या पावसात तू माझ्या छपराखाली अर्धा तास उभा होतास क्लिफर्ड. म्हणजे तू माझा झालास? नको रे बाबा, घरात आधीच एक आहे."

बायका हसल्या. क्लिफर्ड हसला नाही. "सोमवारी गवंडी येणार आहे," म्हणाला.

आता ऐका, त्या खोलीचं महत्त्व काय ते. नऊपैकी चौघींचे कान मागाने खाल्ले होते. घरात त्यांच्याशी कुणी बोलत नसे, कारण ओरडावं लागतं आणि ओरडायचा माणसाला कंटाळा येतो. नवरा पेपरात, मुलं टीव्हीत. ह्या खोलीत ओरडावं लागत नव्हतं. इथे ओठ पुरायचे. खोली गेली तर त्या चौघी जिवंतपणी मुक्या होणार होत्या, आणि हे आयव्हीला माहीत होतं, कारण त्या चौघींतली एक ती स्वतः होती.

क्लिफर्ड गवंड्याचं पुराण सांगत होता तेवढ्यात त्या कोपऱ्यातून विनीचे ओठ हलले. शनिवारी कोण येतंय?

आयव्हीचे हलले. उपांत्य सामना आहे. पाहुणे मोठे.

विनी: ज्याचं त्याला ठेवायचं?

आयव्ही: अक्षर न् अक्षर.

क्लिफर्डच्या नाकासमोर सगळं ठरलं. तो म्हणाला, "तोंडातला केक संपवा आणि प्रश्न असतील तर विचारा." प्रश्न कुणालाच नव्हते.

शनिवारी पहिला डाव संपला. खेळाडू हात धुऊन आले. खिडकी उघडी, आत खोली स्वच्छ झाडलेली. विणकरणींची टेबलं नाहीत, विणकरणींच्या चादरी नाहीत, पातेली नाहीत, सुऱ्या नाहीत, मी नाही. खेळाडूंचे कप मात्र खेळाडूंच्या फळीवर, रिकामे. निळ्या डब्यात पंचांची बिस्किटं. दोघे पंच तेवढे निवांत खात बसले.

आम्ही कुठे होतो? मैदानाच्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे, आयव्हीच्या अंगणात. टेबलं मांडलेली, केक कापलेला, मी काठोकाठ भरलेली. पाहुण्यांचे कप सोबत नेले होते, कारण पाहुण्यांना उपाशी ठेवण्याइतक्या आमच्या बायका हलक्या नव्हत्या. पाहुणे अकराच्या अकरा भिंत ओलांडून आले, बसले, खाल्लं, पुन्हा मागितलं. आमचे अकरा भिंतीच्या अलीकडे उभे राहून आल्याच्या केकचा वास घेत होते.

क्लिफर्ड फळीवरचा एक कप उचलून तरातरा आला आणि त्याने तो आयव्हीसमोर धरला. आयव्हीने कप उलटा करून बूड वाचलं.

"हा खेळाडूंचा आहे. तू खेळतोस?"

"आयव्ही, तमाशा पुरे."

"खेळतोस का, हो की नाही?"

"नाही."

"मग ठेव जाऊन जागेवर."

मी वाफ सोडत होते. त्या दिवसाइतकी कडक मी आयुष्यात झाले नाही.

क्लिफर्डकडे कुणी बघेना. आमच्या कप्तानाने भिंतीवर कोपरं टेकवून खाली मानेने विचारलं, "आयव्ही, खोली राहिली तर?"

"तर पुढच्या शनिवारी चहा मिळेल. आज नाही."

उपाशीपोटी आमचे अठ्ठ्याऐंशीत गारद झाले. सोमवारी गवंडी आला नाही.

खोली राहिली. सव्वीस वर्षं राहिली. मग एकेक बाई गेली, आयव्ही सातवी गेली, आणि खेळाडू घरून डबे आणू लागले. आता तिथे बार आहेच. मी बाटल्यांच्या वर फळीवर. नव्या सेक्रेटरीने, गॅरेथने, मला तारेच्या घासणीने घासून चकचकीत केलं, माझी लाल अक्षरं खरवडून काढली आणि पोटात वाळकी फुलं खोचली. खाली पितळी पट्टी ठोकली: 'आयव्ही एंटविसलची किटली'. लोक वाचतात, छान म्हणतात, बिअर पितात.

छान काय त्यात? एकीचं नाव कोरलं आणि आठ जणी पुसून टाकल्या. आयव्ही असती तर तिनेच आधी ती पट्टी उखडली असती.

काल विनी आली. एक्क्याण्णव वर्षांची, हातात काठी, नऊ जणींतली शेवटची. पट्टी वाचायला तिला बराच वेळ लागला.

"मिसेस कर्शॉ," गॅरेथ तिच्या कानाशी मोठ्याने ओरडला, "आम्ही मानाने लावलीय."

"ओरडू नकोस. नुसते ओठ हलव, मला कळतं. कुणाच्या मानाने?"

गॅरेथने मान वर करून पट्टी पुन्हा वाचली.

"खाली काढ तिला."

त्याने मला खाली घेतलं. विनीने फुलं उपसून बारवर ठेवली आणि पिशवीतून बाटली काढली. अक्षरं वेडीवाकडी आली, पण टिकली तिने बरोबर जागी मारली, एसच्या नंतर. तिचा एक ओघळ माझ्या पोटावर आलाय.

"ही पट्टी?" गॅरेथने विचारलं, ओठांनीच.

"ती तुझी तू ठोकलीस, तूच काढ."

आता मी बारवर आहे, फळीवर नाही. पट्टी अजून तिथेच आहे आणि गॅरेथ पक्कड शोधतोय म्हणे. शोधू दे. मला फुलं नकोत, पॉलिश नको, कौतुक तर नकोच. चहा करणार असाल तर या, दोन जणी मिळून या, एकटीला मी उचलायची नाही. आणि ते लाल अजून ओलं आहे. हात लावाल तर बघा.