हेहरचं ताट

हार्टमुट चोर आहे याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. फक्त पुरावा नव्हता.

आमची पाइनची रानं शेजारी-शेजारी. माती रेताड, आंबट. तिच्यात दुसरं काही धड येत नाही. त्यात दोन वर्षं पाऊस नाही, म्हणून माझ्या नवऱ्याने, लोथारने लावलेले पाइन उभ्या उभ्या वाळायला लागले. वनखात्याची बाई म्हणाली, "आनेलोरेबाई, पाइनखाली ओक उगवू द्या, नाहीतर इथे माळ होईल. रोपं लावू नका, मरतात. खांबावर ओकच्या बियांचं ताट ठेवा, हेहर नेऊन पुरतील." हेहर म्हणजे कावळ्याचा निळ्या पंखांचा भाऊबंद. थंडीसाठी बिया दडवतो आणि निम्म्या विसरतो.

तीन वर्षं मी कंबर मोडेस्तोवर बिया वेचल्या. ताट रोज रिकामं व्हायचं. आणि माझ्या रानात ओक उगवले किती? अकरा!

हार्टमुटकडे चार डुकरं आहेत, आणि ओकच्या बिया म्हणजे डुकरांची मेजवानी. एकदा फाटकापाशी मी म्हटलंच, "डुकरं बरीच गुबगुबीत झालीत की रे तुझी!"

"आणि तुझे हात बरेच लांब झालेत," असं म्हणून त्याने दार आपटलं. मनात पाप असल्याशिवाय माणूस असा चिडत नाही.

तो बाजाराला गेल्यावर मी त्याच्या डुकरांच्या दोणीत डोकावले. बटाट्याच्या साली, बीट. एक बी नाही. मागे मात्र ढीग होता. ओकची शेकडो रोपं, मुळासकट उपटलेली. काहींना बी अजून चिकटलेलं.

"सापडली?" हार्टमुट मागे उभा होता. "तीन वर्षं माझ्या रानात गुपचूप लावतेयस. उद्या हद्दीचा दगडही सरकवशील!"

"अरे शहाण्या, पक्षी लावतात ते!"

"पक्षी म्हणे!"

मी ताटाचं सगळं सांगितलं. बोलता बोलता माझ्याही ध्यानात आलं: माझ्या रानात गुडघाभर गवत. त्याची जमीन मोकळी, पक्ष्यांना पुरायला सोपी. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरला.

"मग विचारलं का नाहीस मला?" मी ओरडले.

"तू विचारलंस?"

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं वाकून वाकून त्याचं रान धुंडाळलं. एकही रोप उरलं नव्हतं.

"पुन्हा ताट भर," तो म्हणाला. "या खेपेला हात लावणार नाही."

मला रडूच फुटलं. यंदा गावातल्या एकाही ओकला बी धरलेलं नव्हतं.