सैल कवळीची धास्ती

मी कवळी बोलतेय. हो, दातांचीच. बोलताना मध्येच शिट्टी वाजली तर सांभाळून घ्या. हल्ली मी सैल झालेय, आणि तोच माझ्या जिवाला घोर आहे.

दातांच्या डॉक्टरांकडे माझा जन्म झाला. सुई टोचण्याआधी विनोद सांगायची त्यांना खोड होती. माणूस हसला की आवळलेला जबडा सुटायचा आणि तेवढ्यात सुई आत जायची. "एरवी कोण मनापासून तोंड उघडतं हो?" असं ते म्हणायचे.

माझे मालक दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि रंग वाळेपर्यंत यमकं जुळवत बसायचे. ऐकणारी एकच, बायको. कविता जमली तर ती हसायची, फसली तर "चला, जेवून घ्या" म्हणायची. झोपताना मला पाण्याच्या पेल्यात सोडायचं काम तिचंच. मग बोळक्या तोंडाच्या नवऱ्याकडे बघून म्हणायची, "हं, भांडा आता!"

ती गेली. मालकांचं जेवण तुटलं, गाल बसले, हिरड्या आटल्या आणि मी तोंडात डुगडुगायला लागले. ते रडले नाहीत की कुणाशी धड बोलले नाहीत. शोकसभेसाठी एक कविता मात्र केली. ती ऐकून मुलीनं कपाळावर हात मारला.

"बाबा, लोक रडायला येणार आणि तुम्ही दातांची कविता म्हणणार?"

"तुझी आई काय लांब चेहऱ्याची होती का गं?"

"अहो, हसतील लोक!"

"हसू देत. त्याशिवाय पुढचं मला म्हणवणार नाही."

मी मात्र धास्तावले. भर सभेत मी निसटले तर? बायकोमागे बिचाऱ्यांची लाजही जायची, आणि तीही माझ्यामुळे!

सभागृहात सगळे मान खाली घालून बसले होते. मालक उभे राहिले. मी हिरड्यांना जीव मुठीत धरून चिकटले.

"निजताना माझे दात ती पाण्यात बुडवायची,
'भांडा आता!' म्हणायची अन् दिवा मालवायची."

मी घाबरून थरथरले आणि शेवटच्या शब्दावर बारीक शिट्टी वाजली. पहिल्या रांगेत मेहुणीबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला, पण हसू फुटलंच. मग सगळं सभागृह हसलं. इतका वेळ आवळलेले जबडे एकदम सुटले. मला आमचे डॉक्टर आठवले. आता सुई आत जाणार, हे मला कळलं.

"आता दात तोंडात, भांडणंही पाठ..."

आणि नेमक्या त्याच ओळीवर मालकांना हुंदका आला. मी सुटले ती थेट त्यांच्या तळहातावर.

या वेळी कुणी हसलं नाही. मालक माझ्याकडे बघत राहिले, मग कागदाची घडी घालायला लागले. एकच ओळ उरली होती. ती आता यांच्या घशातच राहणार आणि यांना आतून खाणार, या विचारानं मी गारठले.

तेवढ्यात मुलगी उठली. तिनं टेबलावरचा पाण्याचा पेला पुढे केला, मला अलगद त्यात सोडलं आणि रडत, हसत म्हणाली, "हं बाबा, भांडा आता!"

मालकांनी बोळक्या तोंडानं शेवटची ओळ म्हटली. मी ती पेल्यातून ऐकली.

"ऐकायला समोर नुसती रिकामी खाट."

उच्चार धड नव्हता, पण प्रत्येकाला कळला. मालक खाली बसले आणि ती गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले.

हल्ली पेला मुलगीच भरते. मालक पुन्हा दोन घास खातात, पण मी काही घट्ट होत नाही. डॉक्टर नवी कवळी करायचं म्हणताहेत. माझं काय होईल ते होवो. पोरी, नवीला पाण्यात सोडताना तेवढे दोन शब्द विसरू नकोस गं. नाहीतर ते भांडणार कुणाशी?