मगरीचे रुमाल

खोटं बोलण्यात आमच्या गावात माझा हात धरणारं कोणी नाही. तळ्यातल्या पाणघोड्याने मला मागणी घातली होती आणि त्याचे दात बघून मी नकार दिला, हे मी इतक्यांदा सांगितलंय की पोरं आता त्याची तब्येत विचारतात. ऐकायला सगळे येतात, थांबायला कोणी नाही. शाळेच्या फाटकासमोर फणसाखाली माझी कसाव्याच्या कंदाचे काप तळायची कढई आणि मागे एक खोली, एवढाच संसार.

त्या दुपारी शाळा सुटली, पोरं धुरळा उडवत गेली. सातवीच्या खिडकीतून एक पोरगी बाकावर तशीच बसलेली दिसली. नाबोसा, कियिंगी कोळ्याची थोरली. मी कढई उतरवली आणि गेले.

"काय गं, मास्तरांनी डिंक लावला काय बाकाला?"

हसली नाही. "जाजा, तू जा ना."

"आजीला हाकलतेस? ऊठ."

"उठता येत नाही."

झग्याकडे लक्ष गेलं आणि समजलं.

"पोरं काय म्हणाली?"

"कोंबडी कापलीस काय, म्हणाली. पोरी दुसऱ्या बाकावर गेल्या."

"आईला सांगितलंस?"

"आई म्हणते, हे आत्याने शिकवायचं असतं, आईने बोलायचं नसतं. आत्या दुबईला लोकांची भांडी घासते. तिचा फोन मालकिणीकडे."

शाळेत सगळे मास्तरच, बाई एकही नाही. पोरगी गादीतला कापूस काढून लावत होती आणि ते दिवस आले की घरीच बसत होती. पण वार्षिक परीक्षा नेमकी त्याच दिवसांत यायची होती. ती बुडाली की शाळा संपली, मग जन्मभर बापाच्या मासळीला मीठ चोळायचं.

"मग मलाच का सांगितलंस?"

"तू गावभर बोललीस तरी कोणाला खरं वाटणार नाही."

एवढं कौतुक माझं आजवर कोणी केलं नव्हतं. आत कुठेतरी टोचलं, ते वेगळं.

"मीच तुझी आत्या," मी म्हटलं. "तुझ्या बापाची हरवलेली बहीण. लहानपणी मगरीने पळवली होती."

"आत्या बापाच्या कुळातली असते. आमचं देवक मांबा मासा. आम्ही तो खात नाही." तिने डोळे पुसले. "आणि तू शुक्रवारी बाजारात त्याचं डोकं चोखत होतीस."

"तो शेवटचा."

माझ्या अंगावरची खांग्याची छापील ओढणी तिच्या कमरेला गुंडाळून तिला खोलीवर आणलं. जुनं सुती लुगडं कापलं, घड्या घातल्या, नाड्या शिवल्या. धुवायचं कसं तेही सांगितलं: आधी गार पाण्यात, मग साबणाने, मग कडक उन्हात.

"उन्हात? लोक बघतील!"

"पलंगाखाली दमट ठेवलंस तर अंगाला खाज सुटेल. लोकांचं मी बघते."

कढईमागे लव्हाळ्याच्या चटयांचा आडोसा केला, आत पाण्याचा कॅन आणि साबण. फणसाला दोरी बांधली. दुसऱ्याच दिवशी मुकीबी मास्तर थबकले.

"जाजा, ह्या कसल्या चिंध्या?"

"मगरीचे रुमाल. सर्दीने बेजार झालीय बिचारी. धुवून द्यायला माझ्याशिवाय आहे कोण तिला? हात लावू नका, लागण होईल."

मास्तर हसत गेले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पुन्हा कोणी विचारलं नाही.

परीक्षेच्या सकाळी नाबोसा आली, आडोशात जाऊन आली, माझ्यासमोर पाठ करून उभी राहिली.

"मागून बघ."

"स्वच्छ. पळ."

खिडकीतून दिसत होतं. तिच्या शेजारची जागा रिकामीच. बाकीच्या पोरी एकमेकींना चेंगरून बसल्या होत्या. तिने मोकळ्या जागेवर कोपर पसरलं आणि लिहीत राहिली. मधल्या सुट्टीत कोणी तिला हाक मारली नाही. ती आडोशात आली, गुपचूप परत गेली आणि शेवटची घंटा होईपर्यंत लिहीत होती.

सुटल्यावर एकटीच निघाली. कढईपाशी क्षणभर थांबली.

"येते, आत्या."

शुक्रवारी बाजारात मासळीवालीने माझ्यासाठी राखलेलं मांब्याचं डोकं पुढे केलं.

"नको. देवक आहे आमचं."

ती पोट धरून हसली. "जाजा, हे तुझं आजवरचं सगळ्यात मोठं खोटं!"

मी टोमॅटो घेतले आणि घरी आले. दोरीवरचे रुमाल वाळले होते. घड्या करून आडोशात ठेवले. मग उकडलेल्या केळ्याचा गोळा नुसत्या शेंगदाण्याच्या कालवणाशी खाल्ला. बेचव लागला, पण संपवला.