पोरींचं दुखणं

धम्मप्रियानं शेवटचा घास गिळला आणि जीभ वर उचलून आईला रिकामं तोंड दाखवलं. नांदेडच्या डॉक्टरकडून आल्यापासूनचा हा घरचा रिवाज. जेवण झालं की तोंड दाखवायचं, मग आईजवळ बसून राहायचं. एकटीनं बाथरूमकडं जायचं नाही.

"जरा तेज आलं गं बाई तोंडावर," तिची आई पंचशीला म्हणाली. "तव्हा नुसता सापळा झालतीस. भ्या वाटायचं बघायला."

धाकटा भाऊ आदर्श ताटातच हात धुवून उठला. पोलीस भरतीचं ग्राउंड, धावण्याची परीक्षा, जवळ आलं होतं. पहाटे तो कंधारच्या रस्त्यानं पळायचा, भर उन्हात स्वेटर घालून पुन्हा पळायचा. दिवसचे दिवस अंड्याच्या पांढऱ्यावर काढायचा. आज मात्र टोपल्यातल्या सगळ्या भाकरी त्यानं एकट्यानं संपवल्या होत्या.

"वाघ हाय माझा," आई कौतुकानं म्हणाली.

"आई, लई बारीक झालाय हा."

"मग? पोट घेऊन पळतेत का? गल्लीतले सगळेच पोरं करून राहिले. तुझं येगळं होतं. ते पोरींचं दुखणं."

बाथरूमचं दार लागलं. आत नळ पुरता सोडलेला, पाणी बादलीवर धो धो आदळत होतं. धम्मप्रियाचे कान तिकडंच लागले. नळ एवढा मोठा कशासाठी सोडतात, हे तिला पक्कं ठाऊक. त्या आवाजाखाली दुसरा आवाज लपवायचा असतो. तिला वाटलं, आत आपणच आहोत; गेल्या सालची, नुसत्या हाडांची, अजून बाहेर न आलेली.

आई दूध बघायला आत गेली तशी धम्मप्रिया बाथरूमच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

आदर्श बाहेर आला. डोळे लाल, पाणावलेले. उजव्या हाताच्या बोटांचे सांधे दात लागून सोललेले. तसलेच वण तिच्याही हातावर होते.

"आईला सांगू नको, ताई. ग्राउंड होऊ दे फक्त. मग सोडतो."

"मी बी असंच म्हणलते तुला."

"अन् मी आईला सांगितलं, तर किती शिव्या दिल्त्यास."

"हाव. बोलणंच टाकलं होतं." ती स्वयंपाकघराकडं वळली. "आई, इकडं ये जरा."

"पाया पडतो तुझ्या," तो कुजबुजला.

पंचशीला लगबगीनं आली. बाथरूमच्या दाराशी लेक दिसताच तिचं तोंड पांढरं पडलं.

"सरक रे," म्हणत तिनं आदर्शला बाजूला सारलं. धम्मप्रियाची हनुवटी धरली, तोंड हुंगलं आणि बोटं बघायला हात पुढं केला.

धम्मप्रियानं त्या हातात आदर्शचा हात दिला.

आई अजून तिच्याच तोंडाकडं बघत होती. बोटं मात्र सवयीनं त्या सोललेल्या सांध्यांवरून फिरली, आणि थांबली.