सगळा भार एका रिव्हेटवर

विमानाच्या कारखान्यात, पंख जोडायच्या शेडमध्ये एक मिस्तरी होता. रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारी बिनआट्याची खिळी, मारणं हे एकट्याचं काम नव्हे. मिस्तरी बाहेरून बंदुकीने ठोकायचा आणि त्याची जोडीदारीण पंखाच्या पोटात शिरून मागून लोखंडी ठोकळा दाबून धरायची. मध्ये पत्रा, वर कानठळ्या बसवणारा आवाज. म्हणून ती आतून पत्र्यावर टकटक करायची. एक ठोका म्हणजे छान बसला. दोन म्हणजे अजून मारा. तीन म्हणजे बिघडला, काढून टाका.

ही भाषा मिस्तरीच्या घरातही शिरली होती. जेवण जमलं की तो ताटावर एकदा चमचा वाजवायचा. तीनदा वाजवायची मात्र त्याची कधी छाती झाली नाही.

निवृत्ती जवळ आली तसा बायकोने जिन्याचा विषय काढला. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि तिचे गुडघे आता बोलायला लागले होते. लेकीच्या गल्लीत तळमजल्यावरचं तीन खोल्यांचं घर विकायला निघालं होतं.

"अहो, फंड हातात आला की तेच घ्यायचं ना?"

"घ्यायचं की."

"पैसे आहेत ना पण जागेवर?"

"म्हणजे काय? आपल्याच कंपनीत आहेत!"

खरी गोम तिथेच होती. दर महिन्याला पगारातला काही भाग म्हातारपणाच्या फंडात जायचा, तेवढीच भर कंपनी घालायची, आणि पैसे कुठे गुंतवायचे ते ज्याचं त्याने सांगायचं. या शेडमध्ये सगळे कंपनीचेच शेअर घ्यायचे. कुणी दुसरीकडे ठेवले की जेवणाच्या सुट्टीत टोमणा ठरलेला: "काय रे, आपण जोडलेल्या विमानात बसायला भितोस होय?" मिस्तरीने तो कैक जणांना मारला होता. आता एका बड्या गिऱ्हाइकाने विमानांची मागणी पुढे ढकलली होती. शेअर रोज खाली उतरत होता आणि मिस्तरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पण पैसे हलवायचे म्हणजे आपल्याच माणसांना पाठ दाखवायची, असं त्याला वाटे.

न राहवून एके सकाळी रिव्हेट मारता मारता त्याने बंदूक थांबवली आणि पंखातल्या भोकातून जोडीदारणीला हे सांगितलं. आतून तीन ठोके आले.

"अगं, चांगला तर बसलाय!"

भोकातून तिचा आवाज आला, "रिव्हेटचं नाही म्हणत, दादा. फंडाचं म्हणतेय. काढा तिथून."

"तूपण फुटलीस?"

"मी केव्हाच चार ठिकाणी वाटून टाकलाय. तुम्हाला सांगितलं असतं तर शेडभर दवंडी पिटली असतीत."

"कंपनीवर भरवसा नाही तुझा?"

"आहे म्हणून तर इथे कोंबून घेते ना स्वतःला! पण मला सांगा, हा पंख तुम्ही एकाच रिव्हेटवर टांगाल? कितीही पक्का असला तरी?"

एक सैल झाला तर शेजारच्यांनी भार उचलावा म्हणून रांगच्या रांग मारतात, हे मिस्तरीनेच तिला शिकवलं होतं. त्याने पुढचा रिव्हेट मारला. आतून एक ठोका आला.

दुपारी तो फंडाच्या खिडकीशी उभा राहिला.

"सगळे काढू?" कारकुनाने विचारलं.

"सगळे नको. थोडे राहू देत कंपनीत, ओळख म्हणून. घरापुरते जिथे वरखाली होत नाहीत तिथे ठेवा, बाकीचे वाटा. आणि हे बघा, आमच्या शेडमध्ये कुणाला कळता कामा नये."

कारकून गालात हसला. "काळजी नको. या आठवड्यात तुमच्या शेडमधून आलेला प्रत्येक जण हेच बजावून गेलाय."

मिस्तरी घरी आला तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. तो दारातूनच म्हणाला, "पैसे आता पक्के केले. पण थोडे गेले गं घसरणीत. तीन खोल्यांचं नाही जमायचं. दोन खोल्यांचं मिळेल त्याच गल्लीत."

आतून भांड्यावर पळीचे दोन ठोके आले. अजून मारा.

"तळमजल्यावरचं!" मिस्तरी मोठ्याने म्हणाला. "जिना नाही, एक पायरीसुद्धा नाही!"

आतून एकच ठोका आला, चांगला खणखणीत.