अर्ध्या मिनिटाचं हसू

मानसशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर एक लांबट खोली होती. तिथे काही बायका दिवसभर कानाला हेडफोन लावून परक्या माणसांची आयुष्यं ऐकत बसत. माणसं रोजच्या जगण्यात किती सुखी असतात, हे विभागाला शोधायचं होतं. विचारायला गेलं की माणूस 'मजेत आहे' म्हणतो, नाहीतर 'काही खरं नाही' म्हणतो, आणि दोन्ही तोंडदेखलंच असतं. म्हणून विभागाच्या मॅडमनी विचारणंच सोडून दिलं. भाग घेणाऱ्याच्या कपड्याला काडेपेटीएवढी एक डबी लावायची. ती मधूनच आपोआप चालू होई, अर्धं मिनिट आवाज टिपे आणि पुन्हा गप्प बसे. ते तुकडे या खोलीत येत. माणूस बोलतोय का, कुणाशी, हसला का, उसासा टाकला का, की नुसताच टीव्ही चाललाय, एवढ्या खुणा करायच्या.

तिथल्या एकीला घरात सगळे धाकटी म्हणत. सगळे म्हणजे आता एकटी ताईच उरली होती. आईवडील गेले, दोघींची लग्नं झाली नाहीत, आणि दोन खोल्यांचं घर दोघींवर आलं.

ताई पूर्वी एका मोठ्या दुकानात माइकवरून सूचना द्यायची. हरवलेलं मूल कुठल्या काउंटरवर आहे, दुकान बंद व्हायला किती वेळ आहे, असलं सगळं तिच्या आवाजात ऐकू येई. नकला तर अशा करायची की आईलासुद्धा तोंडाला पदर लावावा लागे. एके दिवशी सूचना देता देता ती मधेच थांबली. माइक चालू, दुकान भरलेलं, आणि हिच्या तोंडून शब्द फुटेना. घरी आणलं ते पुन्हा कामावर गेलीच नाही. महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून झोपायची. एकदा तर गोळ्यांची अख्खी बाटली उशीखाली सापडली.

तेव्हापासून धाकटीने डोळ्यांत तेल घालून पहारा सुरू केला. कात्री, सुऱ्या कुलपात गेल्या. न्हाणीघराच्या दाराची कडी काढून टाकली. ताई जेवली किती, झोपली किती, खिडकीशी उभी राहिली तर का राहिली, सगळ्यावर तिचं लक्ष. ताई तक्रार करत नसे. पण हसतही नसे. दोन वर्षांत धाकटीने तिचं हसू पाहिलं नव्हतं.

नव्या अभ्यासाआधी मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्यांचं ऐकता, तर एक शनिवार-रविवार तुम्हीही डबी लावून बघा. कसं वाटतं ते कळू दे." घरातल्यांचंही बोलणं टिपलं जाणार म्हणून त्यांचीही संमती लागे; ताईने त्या कागदावर न वाचताच सही केली.

शनिवारी सकाळी धाकटी भाजी आणायला निघाली. बाहेर ऊन होतं म्हणून तिने स्वेटर काढून खुर्चीवर टाकला. डबी स्वेटरलाच राहिली. हे तिच्या लक्षात आलं ते परत आल्यावर, आणि तेव्हा तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

नियम असा होता की आपले तुकडे आधी आपणच ऐकायचे आणि नको ते पुसून टाकायचे. सोमवारी ती ऐकायला बसली. पहिल्या तुकड्यात तिचाच आवाज: "ताई, गोळी घेतलीस?" दुसऱ्यात: "संपव ते. एवढंच राहिलंय." मग: "झोप लागली होती का? खरं सांग." मग नुसताच भांड्यांचा आवाज, आणि पुन्हा: "ताई, दार लोटू नकोस." परक्या बाईचा तुकडा असता तर तिने 'सूचना देणे' या रकान्यात खुणा केल्या असत्या आणि पुढे गेली असती. आता तिचे कान तापले.

मग तो तुकडा आला. शिवणयंत्रावरची माणसं बोलतात तसा, दोऱ्याचं टोक ओठात धरल्यासारखा एक आवाज: "अहो, पुन्हा करा ना, पुन्हा करा!" खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंचा. आणि त्यावर धाकटीचाच आवाज आला, "ताईऽ, गोळी घेतलीस? दूध प्यालीस? श्वास घेतलास?" धाकटी तर त्या वेळी बाजारात होती. तिला क्षणभर कळेचना. मग टेलरबाई खिदळल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ ताई हसली. पोटातून, धाप लागेपर्यंत, डोळे पुसत हसल्यासारखं. हसणं रंगात असतानाच अर्धं मिनिट संपलं.

तिने तो तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा लावला.

शेजारी बसणारी मुंगी, सतत कामात असते म्हणून सगळ्या तिला मुंगीच म्हणत, हेडफोन बाजूला करून म्हणाली, "काय गं, रडतेस की हसतेस?"

"काही नाही. एक पुसायचाय."

आणि तिने तो पुसला. पुसून काय होणार होतं!

तो आठवडा तिने गोळीचं विचारायचं नाही असं ठरवून काढला. मग विचारायला दुसरं काही सुचेना. "आज हवा छान आहे, नाही?" असं म्हणाली तर ताईने तिच्याकडे असं पाहिलं की जणू हिलाच डॉक्टरकडे न्यायला हवं.

गुरुवारी ती डोकं दुखतंय म्हणून लवकर निघाली. जिना चढताना वरून हसण्याचा आवाज आला. ती दारापाशी थांबली. उभं राहून ऐकावं, एवढंच मनात होतं, पण शेजारचं दार उघडल्यामुळे तिला किल्ली लावावी लागली. किल्ली फिरली आणि आतलं हसू नळ बंद केल्यासारखं थांबलं. टेलरबाई मांडीवरची पँट गोळा करत उठल्या. "येते हं मी," म्हणाल्या आणि तिच्या बाजूने अंग चोरून निघून गेल्या.

धाकटीने चपला काढल्या. पिशवी ठेवली. मग म्हणाली, "मी आले की हसणं बंद का होतं गं?"

ताईने अंथरुणावरची चादर उचलून तिची घडी घातली. मग तिनेच विचारलं, "त्या डबीत आलं का काही?"

"माझी नक्कल आली."

"छान झाली होती?"

"हुबेहूब."

ताईने माफी मागितली नाही. चादरीची घडी उलगडत, पुन्हा घालत ती सावकाश बोलू लागली. "तुझ्यासमोर हसले ना, की तुझ्या तोंडावर लगेच दिवे लागतात. 'ताई बरी झाली.' मग दुसऱ्या दिवशी मला नाही हसता येत, आणि ते दिवे विझतात. ते मला बघवत नाही, धाकटे. त्यापेक्षा हसूच नये. टेलरबाईंचं बरं असतं. मी हसले काय, रडले काय, त्या आपल्या काजं करत बसतात."

"मी तुला तळहातावरच्या फोडासारखं जपलं."

"जपलंस. पण फोडाला किती वेळ बघत बसायचं? तो बरा व्हायचा असेल तर होईल."

"मग मी काय करू? सांग, तेही करते."

ताईने चादर खाली ठेवली. "तू थोडी कमी असशील का गं घरात?"

हे ती इतक्या हळू बोलली की रागावण्याचीही सोय राहिली नाही.

धाकटीने दुपारची पाळी मागून घेतली. कात्री, सुऱ्या कुलपातून बाहेर काढल्या, सुताराला बोलावून न्हाणीघराला कडी लावून घेतली, आणि कडी लागल्याचा आवाज आला की स्वयंपाकघरात ओटा धरून उभी राहायला शिकली. सुटीच्या दिवशी ती बाहेर पडे. बागेतल्या बाकावर बसे, दुकानांतून काही न घेता फिरे, डब्यांवरचे कागद वाचे. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात. इथे खोकला आपणच होतो, हे तिला हळूहळू पचत होतं, पूर्ण पचत नव्हतं.

ताई सुधारत गेली. आधी टेलरबाईंकडे बटणं लावू लागली, मग दुकानात बसू लागली, मग गिऱ्हाइकांशी बोलू लागली. मधे एकदा घसरलीही. एका सुटीला धाकटी सकाळीच बाहेर पडली होती, त्या दिवशी ताई संध्याकाळपर्यंत अंथरुणातून उठली नाही, पाणीही घेतलं नाही. धाकटीला ते चार-पाच दिवसांनी कळलं, तेही बोलण्याच्या ओघात.

"मला फोन का नाही केलात?" तिने टेलरबाईंना जिन्यात गाठून विचारलं.

टेलरबाईंना खोटं बोलता येत नसे. "तुम्ही आला असतात ना," त्या म्हणाल्या. मग त्यांनाच कसंसं झालं. "तसं नव्हे हो. मी बसले होते तिच्यापाशी. दोन पडदे शिवले तिथेच. संध्याकाळी उठली आपोआप."

डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. वही मिटत ते धाकटीला म्हणाले, "सगळं श्रेय तुमचं. अशी बहीण मिळायला भाग्य लागतं." ताई पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. धाकटी "छे हो" म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. 

थंडी सरता सरता टेलरबाईंनी गावाच्या दुसऱ्या टोकाला मोठी जागा घेतली. खाली दुकान, वर खोली. ताईने एका सकाळी सांगून टाकलं, "मी जाते त्यांच्याबरोबर." धाकटीला वाटलं होतं की आपण निदान एकदा तरी 'नको' म्हणू. पण ती म्हणाली, "गादी कुठली नेतेस? ती जाड ने, ही खालून विरलीय."

सामान फार नव्हतंच. एक टेम्पो पुरला. नव्या जागेचा जिना अरुंद होता. ताई म्हणाली, "तू खालीच थांब, सामानावर लक्ष ठेव." धाकटी टेम्पोपाशी उभी राहिली. गादी गेली, ट्रंक गेली, खुर्च्या गेल्या. शेवटी एक प्लास्टिकची बादली आणि त्यातला झाडू तेवढा उरला. त्यांच्यावरही ती लक्ष ठेवून राहिली. मग हमाल तेही घेऊन गेला आणि टेम्पोवाल्याने मागची फळी लावून घेतली.

वरून ठोकाठोकीचा आवाज येत होता. टेलरबाई काहीतरी ओरडून विचारत होत्या, ताई ओरडून उत्तर देत होती. तो जुना दुकानातला आवाज होता, स्वच्छ, सगळ्या मजल्यांवर पोचणारा.

खिडकी उघडली. "अगं, वर ये ना," ताई म्हणाली. "चहा टाकलाय."

धाकटीने वर पाहिलं. उजेड ताईच्या मागून येत होता, त्यामुळे तिचा चेहरा दिसला नाही. ती हसत होती की कसं, ते कळायला मार्ग नव्हता.

"पुढच्या वेळी येते," ती म्हणाली. "बस चुकेल."

ताईने आग्रह केला नाही. "बरं," म्हणाली, आणि खिडकी उघडीच ठेवून आत गेली.

धाकटी कोपऱ्यावरच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिली; तिथून ती उघडी खिडकी दिसत होती. बस लगेच आली. रिकामीच होती. वाहकाने दार धरून तिच्याकडे पाहिलं, तेव्हा तिने मानेनेच नाही म्हटलं आणि बस जाऊ दिली.