गोपिका माझ्या खड्ड्यात उतरली

मित्रांनो, सागाच्या चार खांबांवर उभा आणि पोटाखाली कमरेएवढा खड्डा असलेला मी एक जुना हातमाग आहे. नागपुरात पाचपावलीकडच्या कोष्ट्यांच्या एका गल्लीत माझं सारं आयुष्य गेलं. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कोणाकडे जा. माझ्याजवळ ती नाही.

नत्थूजी सुताराने मला घडवलं, माझा विणकर कवडू याच्या लग्नाच्या वर्षी. विणकर माझ्या खड्ड्याच्या काठावर बसतो आणि पाय आत सोडतो. खाली दोन पावड्या असतात. उजवी दाबली की अर्धं सूत वर उचललं जातं, मधून आडवा धागा घेऊन धोटा धावतो. डावी दाबली की उरलेलं अर्धं उचललं जातं, धोटा परत येतो. लोक विणकराचे हात पाहतात, पण लुगडं पायांनी विणलं जातं. कवडूचे पाय तर असे चालत की मला माझं वजन कळत नसे. इतवारीतले व्यापारी रेशीमकाठावरून बोट फिरवत आणि न विचारता म्हणत, "हे कवडूचं." तेव्हा मी फुगत असे. खोटं कशाला बोलू?

माझ्यावर चढण्याआधी सुताला खळ लावावी लागते. एवढं लांब सूत ताणायला घरात जागा कोणाच्या बापाकडे आहे? म्हणून सकाळच्या उन्हात ते गल्लीतच ताणत आणि सगळं घर कुंचे घेऊन दोन्ही बाजूंना उभं राहत असे. टांगेवालासुद्धा तेव्हा घोडा वळवून दुसऱ्या रस्त्याने जाई. ही गल्लीची रीत होती.

त्या सकाळी दार उघडं होतं. मी आतून पाहत होतो.

"कवडू, सुताले खळ लावून राहिला का बायकोची वेणी घालून राहिला गा?" शेजारच्या रंभाबाईने टोमणा मारला.

"वेणी घालाले केस तं पाह्यजे, रंभाबाई!"

मनकर्णाने, म्हणजे कवडूच्या बायकोने, कुंच्यातली खळ त्याच्या तोंडावर उडवली. सगळी गल्ली हसली. तेवढ्यात मोटर आली.

ठेकेदार मनोहरराव लग्नाच्या मेजवानीतून परतत होते. रात्रभर प्यायलेले. चाक स्वतःच्या हातात, पगारी ड्रायव्हर ओमप्रकाश बाजूला बसलेला. लोक ओरडत पांगले. कवडू पळाला नाही. ओलं सूत धुळीत पडलं की संपलं, म्हणून त्याने ते दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं. पळणाऱ्यांचे पाय वाचले. सूत धरणाऱ्याचा उजवा पाय चाकाखाली गेला. दवाखान्यात तो गुडघ्यापासून कापला.

सरकारचा हवालदार आला. त्याने एकच विचारलं, "सडकेवर सूत ताणता काहून?" दारूचं नावही काढलं नाही.

मग मनोहरराव आले. उंबऱ्याबाहेरच थांबून म्हणाले, "कवडू, मले होशच नव्हता गा."

मनकर्णा बोलली. "होश नव्हता तं चाक काहून धरलं, मालक? बेहोश माणूस तं पडून राह्यते."

गल्लीतली शहाणी माणसं तिलाच गप्प करू लागली. "जाऊ दे वं, दारूच्या भरात झालं." वा रे न्याय! दारूच्या भरात चोरी केली तर चोर, आणि पाय चिरडला तर बिचारा!

ओमप्रकाश अंगणात बसून रडत होता. "मालिक बोले, हँडल मार. मैंने मारा." मित्रांनो, ती जुनी मोटर समोर उभं राहून लोखंडी हँडल फिरवल्याशिवाय चालू होत नसे. झिंगलेला माणूस एकटा निघूच शकला नसता. त्याला शुद्धीतल्या माणसाचा हात लागला.

कवडूने लाकडी पाय बांधून पाहिला. लाकडाला पावडी कळत नाही. दाब कधी कमी, कधी जास्त, आणि सूत तुटे. कवडू कपाळ माझ्या खांबावर आपटी. मनकर्णा गिरणीत कामाला लागली, तरी चूल दिवसातून एकदाच पेटे. एक दिवस त्यांची एकुलती मुलगी गोपिका पाटी बाजूला ठेवून माझ्या खड्ड्यात उतरली. आठ वर्षांची होती, तुमच्यातल्या धाकट्यांएवढी.

"उजवी मी दाबतो, बा. तू डावी दाब."

तिला तो खेळ वाटला. तेव्हापासून बापाचा डावा पाय आणि लेकीचे दोन हात मिळून मी चाललो. वरून बाप ओरडे, "दाब! सोड! दाब!" पावसाळ्यात खड्ड्यात पाणी झिरपे, तरी ती वाकलेलीच. शाळा सुटली ती सुटलीच. वर्षं गेली. ती वीस वर्षांची झाली आणि तिची पाठ माझ्या खड्ड्याच्या मापाची झाली. मनोहररावांनी मधल्या काळात नवी मोटर घेतली. पितातही अजून.

मागच्या महिन्यात उमरेडहून तिच्यासाठी स्थळ आलं. मुलगा विणकर, समजूतदार. पाठ पाहूनही त्याने हो म्हटलं. गोपिकाने नाही म्हटलं.

"जाय वं बाई, आपल्या घरी जाय," कवडू म्हणाला.

"मंग उजवी कोण दाबन, बा?"

दुपारी ती पाण्याला गेली, तेव्हा कवडू सरपटत खड्ड्यात उतरला आणि त्याने विळ्याने माझ्या दोन्ही पावड्यांच्या दोऱ्या कापल्या. मला आनंद झाला, मित्रांनो. मी मोडलो तर पोर सुटेल! मला चुलीत घाला, पण तिला जाऊ द्या.

गोपिका आली. डोक्यावरची घागर उतरवली. "हे काय करून राहिला गा, बा?" एवढंच बोलली. मग खड्ड्यात उतरून नव्या दोऱ्या ओवल्या आणि दातांनी ओढून गाठी आवळल्या. कवडू वर बसून लहान पोरासारखा हुंदके देत होता. उमरेडची माणसं दुसरीकडे गेली.

मित्रांनो, प्यायलेल्याला शहाणपण शिकवत बसू नका. तो ऐकणार नाही. मी तुम्हाला सांगतो, तुम्ही शुद्धीत आहात. उद्या तुमचा बाप, काका, मालक झोकांड्या खात मोटरकडे निघाला, तर त्याच्यासाठी हँडल मारू नका. तो शिव्या देईल, खा. थोबाडीत मारेल, तीही खा. नोकरी जाईल, जाऊ द्या. हँडल विहिरीत फेकून द्या. फार तर काय होईल? मोटर जागच्या जागी उभी राहील.

ती उभी राहिली असती, तर आज गोपिका उमरेडच्या एखाद्या अंगणात ताठ उभी असती.